दऱ्या, दर्या आणि ६४ पानं

आत्याचं सहस्रचंद्रदर्शन मार्गशीर्षात ठरलं. भाऊबीजेला फराळाच्या ताटांवर बसलेलो असताना तिने जाहीर केलं, "मला साड्या नकोत, चांदीचं काही नको. माझ्या आठवणी छापा आणि येईल त्याच्या हातात एकेक प्रत द्या." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी इंदूरच्या सियागंजात एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते, दिवसभर टॅली उघडून बसते, म्हणजे घरच्यांच्या मते मला "कॉम्प्युटरचं येतं".

आठवणी तीन जागी पसरलेल्या होत्या. २००४ साली शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने रामबागेतल्या एका टायपिस्टकडून वीसेक पानं टाइप करून घेतली होती, ती एका सीडीवर. गेली चार वर्षं ती मला रात्री साडेदहानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मजकूर पाठवत होती, तो फोनमध्ये. आणि जुने फोटो पत्र्याच्या डब्यात.

पहिला प्रयत्न कुणीही करेल तोच केला. सगळं वर्डमध्ये चिकटवलं, पेनड्राइव्ह घेतला आणि राजवाड्यामागच्या गल्लीतल्या एका प्रेसवर गेले. माझ्या घरी ५८ पानं भरलेली फाइल त्यांच्या मशीनवर ६३ पानांची झाली. माझा फॉन्ट तिथे नव्हता, त्यामुळे त्यांच्याकडचा कुठलातरी आपोआप बसला होता. आपला दोन पाकळ्यांचा ल जाऊन हिंदीतला दांडीवाला ल आला, श चंही तेच. वाचता येत होतं सगळं, पण आत्याची मराठी हिंदीचे कपडे घालून उभी असल्यासारखी दिसत होती. प्रेसवाला समजूतदार होता. म्हणाला, "दीदी, कृतिदेव में दे दो, टेंशन ख़तम. नहीं तो पीडीएफ लाओ. फॉन्ट एम्बेड, कवर पे तीन एमएम ब्लीड, अंदर का सब सिंगल कलर." मी मान डोलावली. यातलं मला "पीडीएफ" तेवढं कळलं होतं.

रात्री मुलाला फोन केला. तो पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. जाताना त्याचा जुना लॅपटॉप घरी टाकून गेला, त्यात विंडोज नाही, उबंटू आहे. तो म्हणाला, "आई, वर्डमध्ये करशील तर आत्याआजीच्या प्रत्येक दुरुस्तीला सगळी पानं परत जुळवत बसशील. काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलवर कर. एकदा आज्ञा लिहून ठेवल्यास की शंभर वेळा चालव." हे मला पटलं, कारण टॅलीत हेच असतं. व्हाउचर दुरुस्त केलं की ताळेबंद आपोआप बदलतो, ताळेबंद हाताने कुणी खोडत नाही. मजकूर म्हणजे व्हाउचर, पीडीएफ म्हणजे ताळेबंद, असं मी मनाशी धरलं.

सीडीवरच्या फाइलींपासून सुरुवात केली. लिबरऑफिस म्हणजे वर्डसारखाच फुकट प्रोग्राम. त्याला खिडकी न उघडता, नुसत्या आज्ञेने, वर्डच्या फाइलींचा साधा मजकूर करून मागता येतो. पहिल्या दिवशी आज्ञा दिली तर काहीच झालं नाही. चूक दाखवली नाही, फाइलही आली नाही. अर्धा तास डोकं खाल्ल्यावर कळलं की लिबरऑफिस दुसरीकडे उघडं होतं, आणि ते उघडं असलं की ही आज्ञा मुकाट्याने परत फिरते. बंद केलं, काम झालं.

झालं म्हणजे काय, समोर इंग्रजी अक्षरांचा काला आला. टायपिस्टने पानं कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केली होती, आणि कृतिदेव हा एक मुखवटा आहे. फाइलमध्ये असतात इंग्रजीच अक्षरं, फॉन्ट त्यांना देवनागरी चेहरे चढवतो. 'राम' हा शब्द आत जे, के, ई असा पडलेला असतो: जे म्हणजे र, के म्हणजे काना, ई म्हणजे म. मुखवटा काढला की आत्याचं बालपण असंच दिसायला लागतं. नुसती अक्षरामागे अक्षर बदली केली तरी भागत नाही, कारण टाइपरायटरच्या रिवाजाने पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारलेली असते आणि रफार अक्षर झाल्यावर वरून ठेवलेला. युनिकोड, म्हणजे आता फोन-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत, उच्चाराच्या क्रमाने चालतो. 'कि' मध्ये आधी क मग वेलांटी, 'कर्म' मध्ये र् आधी आणि म मागून. म्हणून बदली झाल्यावर वेलांट्या एक घर मागे आणि रफार एक घर पुढे सरकवावे लागतात. मुलाने पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत साठेक ओळींचं लिहून पाठवलं. पहिल्याच फेरीत 'आर्द्रता' मोडली, 'मूर्ती' सुटी झाली. दोन संध्याकाळी गेल्या, पण जमलं.

आणि इथेच ती गोष्ट सापडली जी कुठल्याही प्रोग्रामला सापडली नसती. आत्याने लिहिलं होतं: "पातालपाणीचा धबधबा बघून आम्ही दर्यांकडे वळलो." महूच्या पुढे दर्या? मुळात शब्द 'दऱ्यांकडे' होता. मराठीतला हा आडवा र, दऱ्या-पायऱ्यांमधला, हिंदीला लागत नाही आणि कृतिदेव बनला हिंदीसाठी. टायपिस्टला तो मिळाला नसणार, त्याने रफार देऊन मोकळं केलं. दरीचा समुद्र झाला. युनिकोडमध्ये तो लिहायचा तर साधा र घेत नाहीत, खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य.

ग्रेप नावाची आज्ञा आहे, दिलेली अक्षरं असलेल्या सगळ्या ओळी उचलून समोर ठेवते. मी 'र्य' शोधायला सांगितलं. ६३ ओळी आल्या. सूर्य, कार्य, आश्चर्य, धैर्य, हे बरोबर. पण राजवाड्याच्या पायऱ्या, उन्हाळ्यातल्या कैऱ्या, काकांनी सोडलेल्या दोन नोकऱ्या, सगळ्यांच्या डोक्यावर रफार. एकेक वाचून १७ बदलले. अडले फक्त एका ठिकाणी: "मालूच्या लग्नात ऐन वेळी आचार्यांना ताप आला." दोन्ही जमतात! आत्याला फोन लावला.

"अगं, आचारी गं! गुरुजी ठणठणीत होते. तेच म्हणाले, मंत्र मागाहून म्हणू, आधी बटाटे चिरा."

हा शेवटचा भाग तिने लिहिलाच नव्हता. मी तो फोन कानाला लावूनच टाइप करून घेतला.

व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर त्या मानाने सोपा गेला. चॅट एक्स्पोर्ट केली, दर ओळीपुढची तारीख, वेळ आणि नाव एका आज्ञेने कापलं. आत्या माणसांची नावं ठळक करायला दोन्ही बाजूंना तारका टाकते. मी ज्या साध्या खुणांच्या पद्धतीने मजकूर ठेवत होते, तिच्यात एकेरी तारका म्हणजे तिरपं अक्षर, त्यामुळे पहिल्या छापील पानावर आमचं अख्खं खानदान तिरपं उभं राहिलं. आणि हात जोडल्याच्या खुणा! फॉन्टमध्ये त्या नसतात, छपाईत जागा नुसती कोरी राहते, पण मागे नोंदींची फाइल तयार होते तिच्यात 'अक्षर सापडलं नाही' अशी एकेक तक्रार लिहिलेली असते. ४१ नमस्कार गळाले होते. मी ते गळू दिले.

साध्या मजकुराचं पुस्तक बनवायला पॅनडॉक वापरलं. ते लिहिणारे जॉन मॅकफार्लेन बर्कलीला तत्त्वज्ञान शिकवतात. २००६ पासून हे फुकट मिळतं. पॅनडॉक मजकूर झीलाटेककडे देतं आणि झीलाटेक पानं जुळवतं. या सगळ्याच्या मुळाशी असलेलं टेक हे डोनाल्ड क्नूथ यांचं. १९७७ साली ते आपल्याच पुस्तकाची प्रुफं बघून इतके वैतागले की अक्षरजुळणीचा प्रोग्राम स्वतःच लिहायला बसले. ते वाचून मला फार बरं वाटलं. राजवाड्यामागच्या गल्लीत मीही तशीच उभी होते, फक्त मला प्रोग्राम लिहावा लागला नाही.

टेकवरच उभं असलेलं साधं लाटेक देवनागरीला चालत नाही, जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर बसवायला झीलाटेकसारखं काही लागतं, हे मुलाने आधीच बजावलं होतं. फॉन्ट मी टिरो देवनागरी मराठी निवडला, कारण त्यात ल आणि श मुळातच आपले आहेत. काही फॉन्टांच्या पोटात दोन्ही रूपं असतात आणि 'भाषा मराठी' असं बजावून सांगितलं तरच आपलं रूप बाहेर येतं. ते विसरायची भीती मला नको होती. टिरोत एक अडचण निघाली. त्यात सरळ आणि तिरपं आहे, ठळक नाहीच. मथळे ठळक मागितले तरी साधेच येत होते. शेवटी मथळ्यांचा आकार वाढवला आणि विषय संपवला. आत्याला तेच आवडलं, म्हणाली, "ठळक अक्षर म्हणजे ओरडल्यासारखं वाटतं." व्हॉट्सअ‍ॅपवर तारका टाकते ती हीच बाई.

पान ए५, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. शिवणीकडे २२ मिलिमीटर सोडले, बाहेरच्या बाजूला १८, मजकुराला उरले १०८. पानांचे आकडे आधी इंग्रजीत येत होते, ते देवनागरी केले. आज्ञा लांबलचक झाली तेव्हा ती एका छोट्या फाइलमध्ये ठेवून दिली आणि फाइलचं नाव ठेवलं 'छाप'. मग दुरुस्ती करायची, छाप म्हणायचं, चहाचा घोट घेईपर्यंत नवं पुस्तक तयार.

पीडीएफ हाती आली म्हणजे प्रेसला चालेल असं नाही, हे एव्हाना कळलं होतं. खरी मजा मला तपासणीत आली. ऑडिटच ते! पीडीएफफॉन्ट्स ही आज्ञा फाइलमधल्या प्रत्येक फॉन्टची यादी देते, आणि त्यातल्या एका रकान्यात तो फॉन्ट फाइलच्या आत भरलेला आहे की नाही, याचं हो-नाही असतं. प्रेसवाल्याचं "एम्बेड" ते हेच. माझ्या यादीत सगळीकडे हो आणि एका ओळीत नाही: हेल्वेटिका. पुस्तकभर कुठे इंग्रजी नाही आणि हे पाहुणे कुठून आले? भाच्याने वंशावळीचं एक पान वेगळं करून पाठवलं होतं, त्यात सालं इंग्रजी आकड्यांत होती. पुष्कळ जुने प्रोग्राम हेल्वेटिका सगळ्यांकडे असतोच असं गृहीत धरून तो आत भरतच नाहीत. फाइल घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ नव्याने लिहून देणाऱ्या प्रोग्राममधून काढली की ते त्याच मापाचा निंबस सॅन्स त्या जागी घालून आत भरून देतं. घोस्टस्क्रिप्ट १९८८ पासून चालू आहे. माझ्या शाळेतल्या मराठीच्या वहीएवढं जुनं.

फोटोंसाठी दुसरी आज्ञा, पीडीएफइमेजेस. प्रत्येक चित्र कागदावर इंचाला किती ठिपके देतंय ते ती सांगते. छपाईला ३०० च्या आसपास हवेत. १०८ मिलिमीटर म्हणजे सव्वाचार इंच. १२८० ठिपक्यांचा फोटो तिथे ३०० ला बसतो, ६४० चा १५० वर येतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले सात फोटो नापास झाले. पत्र्याचा डबा उघडला, मूळ फोटो काढले, दुकानात जाऊन ६०० ला स्कॅन करून आणले. आत्या-काकांचा लग्नातला फोटो तेवढ्यात इतका स्पष्ट निघाला की मागच्या रांगेतल्या आजोबांच्या कोटाला एक बटण कमी आहे हे साठ वर्षांनी घरात कळलं.

पण स्कॅनमुळे नवंच निघालं. पिवळट पडलेले जुने फोटो रंगीत म्हणून आत गेले होते. डोळ्याला ते काळे-पांढरे वाटतात, डिजिटल प्रेसच्या मशीनला नाही. तिला रंगाचा थेंब दिसला की पान रंगीत मोजलं जातं, आणि रंगीत पानाचा दर काळ्याच्या कितीतरी पट. घोस्टस्क्रिप्टमध्ये इंककव्ह नावाची सोय आहे. ती दर पानाला चार आकडे देते: निळी, किरमिजी, पिवळी, काळी शाई पानावर किती पसरेल ते. साध्या मजकुराच्या पानाला शून्य, शून्य, शून्य, ०.०६१ असं येत होतं. लग्नाच्या फोटोच्या पानाला चारही रकाने भरलेले! खाली सरकत गेले, अशी १४ पानं निघाली. हिशेब लिहिणाऱ्या बाईला याहून सुंदर तक्ता कुठे मिळणार? घोस्टस्क्रिप्टलाच आतला सगळा मजकूर करड्या रंगात करायला सांगितलं, परत इंककव्ह चालवलं, पहिले तीन रकाने शून्य ते शून्य. त्याची मी प्रिंट काढून ठेवली.

मधे एक रात्र वाया घालवली तीही सांगते. वंशावळीचं पान पुस्तकात जोडायचं होतं. इमेजमॅजिक या चित्रांच्या प्रोग्रामने दोन पीडीएफ जोडता येतात असं कुठेतरी वाचलं, जोडल्या. पानं बरोबर आली, क्रम बरोबर. रात्री बारा वाजता पान मोठं करून बघितलं तर आत्याची अक्षरं मुंग्यांनी कुरतडल्यासारखी. ते प्रत्येक पानाचा आधी फोटो काढतं, आणि काही न सांगता सोडलं तर इंचाला ७२ ठिपक्यांचा काढतं. पीडीएफफॉन्ट्स चालवलं तर यादी रिकामी, पुस्तकात एकही फॉन्ट उरलेला नाही. पीडीएफयुनाइट हे साधं जोडकाम करतं, अक्षरं अक्षरंच राहतात. ते आधी वाचायला हवं होतं.

कव्हर मुलाने करून दिलं, मी फक्त मापं दिली. आत्याच्या लुगड्याचा महेश्वरी काठ स्कॅन करून खालून फिरवला आहे. मागचं-पुढचं मिळून २९६ बाय २१०, कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्त, म्हणजे ३०२ बाय २१६. पीडीएफइन्फो आज्ञा हे पॉइंटमध्ये सांगते, इंचाचे ७२ पॉइंट. ८५६ बाय ६१२ आलं आणि मी कॅल्क्युलेटरवर दोनदा पडताळलं. काठ कापणीच्या रेषेपाशी थांबला असता तर कटरचा हात केसभर हलला की पांढरी रेघ दिसली असती. ब्लीड म्हणजे एवढंच, शिवणाऱ्या बाईने शिलाईत सोडलेलं कापड.

मग मी जरा जास्त शहाणपणा केला. मधे पिन मारायचं पुस्तक म्हणजे पानं चारच्या पटीत हवीत, आणि एका ए४ कागदाच्या एका बाजूला शेजारी-शेजारी येणाऱ्या पानांची बेरीज नेहमी एकूण पानांहून एकने जास्त. ६४ पानांच्या पुस्तकात ६४ शेजारी १, उलटीकडे २ शेजारी ६३, बेरीज ६५. हे कळल्यावर इतकी खूश झाले की पीडीएफबुक या आज्ञेने सगळी पानं तशी लावून, १६ कागदांची फाइल करून प्रेसवर नेली. त्यांच्या मशीनने ती ३२ आडव्या पानांची फाइल समजून परत एकदा तशीच लावली. नमुना प्रत उघडली तर पाटणकरांच्या वाड्यातून आत्या थेट पेन्शनीत. प्रेसवाला हसला, "दीदी, सीधी पीडीएफ देनी थी ना. पन्ने हमारी मशीन जमाती है." साधी फाइल पेनड्राइव्हवर होतीच. लावलेली फाइल फुकट गेली नाही, तिच्यावरून घरच्या प्रिंटरवर एक कच्ची प्रत काढली, दुमडली, मधे दोन टाचण्या मारल्या आणि आत्याला वाचायला दिली.

आत्याने ती प्रत चार दिवस ठेवली. परत आली तेव्हा लाल पेनाने ३८ दुरुस्त्या. त्यातल्या ३० तर तिने मतं बदलली म्हणून. पातालपाणीच्या पानावर 'दऱ्यांकडे' या शब्दाखाली रेघ होती आणि समासात 'छान'. मी मजकुरात ३८ जागी हात फिरवला, छाप म्हटलं, फॉन्ट बघितले, शाई बघितली, पानं मोजली. ६१.

तीन पानं कोरी जोडावी लागणार होती. मी म्हटलं, "आत्या, तीन पानं मोकळी राहतायत, अजून काही आठवतंय का?"

"राहू दे मोकळी. कागद कसला आहे?"

"मॅपलिथो, ८० जीएसएम."

बिलात आतली ६४ पानं काळी लावली होती, कव्हर रंगीत. प्रेसवाल्याने विचारायच्या आतच मी इंककव्हची प्रिंट पुढे केली. त्याने ती उलटसुलट करून बघितली आणि परत दिली.

१५० प्रती रिक्षातून रामबागेत उतरवल्या. आत्याने वरची एक घेतली, कव्हरवरच्या काठावरून हात फिरवला, आतलं काही न वाचता शेवटची कोरी पानं उघडली, शाईचं पेन काढून माझं नाव लिहिलं, खाली दोन ओळी लिहिल्या आणि पान उजेडात धरून मागे शाई फुटली का ते बघितलं. मग दुसरी प्रत ओढली.